मृत्युपत्र करावे की विश्वस्तनिधी?

'मृत्युपत्र' या शब्दाने आपल्या घरांत फार मोठा घोटाळा करून ठेवला आहे. इंग्रज माणूस त्याच कागदाला 'विल' म्हणतो. विल म्हणजे इच्छा. आपण मात्र त्या इच्छेला माजघरात ढकलून मृत्यूला ओसरीवर आणून बसविले, आणि मग कोणी त्या कागदाचे नाव काढले, की 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून त्याचे तोंड बंद करावयास मोकळे झालो. अलीकडे 'इच्छापत्र' हा शब्द रूढ होऊ लागला आहे. मला तो अधिक आवडतो. कारण तो ऐकल्यावर मनात पहिला प्रश्न येतो तो 'मरणार कोण' हा नव्हे, तर 'इच्छा काय आहे' हा. आणि खरा प्रश्न तोच आहे.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकविते. कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. तरीही गेल्या दहाबारा वर्षांत नात्यागोत्यातील आणि आमच्या सोसायटीतील पाचसहा मसुदे माझ्या डोळ्यांखालून गेले, कारण प्रत्येकाचे म्हणणे एकच, "तुम्ही एम. ए. आहात, जरा भाषा तपासून द्या." भाषा तपासता तपासता ध्यानात आले, की हा विषय निम्मा कायद्याचा, तर निम्मा भाषेचा आहे. 'घर' या शब्दात घरातील सामान येते की नाही? 'दागिने मुलींना द्यावेत' म्हटल्यावर सुना त्यात धरावयाच्या की वगळावयाच्या? 'माझ्यामागे पत्नीने घराचा उपभोग घ्यावा' आणि 'माझ्यामागे घर पत्नीच्या मालकीचे व्हावे' ही दोन वाक्ये बोलताना सारखीच वाटतात. कोर्टात त्यांच्यामध्ये एक अख्खा दावा उभा राहतो. शब्द लिहिणारा निघून गेलेला असतो. अर्थ सांगावयास तो परत येत नाही.

अलीकडे या मसुद्यांबरोबर एक नवा प्रश्न कानी येऊ लागला आहे : "विल करू, की ट्रस्ट?" तो बहुधा परदेशातून येतो. अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा वा जावई सुटीवर येतो आणि सांगतो, की तिकडे आता सगळेजण ट्रस्ट करतात. ते खोटे नाही. तेथील अनेक राज्यांत मृत्युपत्र कोर्टात शाबीत करून घेण्यास वेळ व पैसा बराच लागतो. म्हणून तेथील गृहस्थ हयातीतच आपली मिळकत एका विश्वस्तनिधीच्या नावावर करून ठेवतो. परंतु तिकडची छत्री इकडच्या पावसाला पुरेलच असे नाही. आपला कायदा काय म्हणतो, तो आधी पाहावयास हवा.

काहीच केले नाही तर?

मग तुमच्या वतीने कायदाच मृत्युपत्र लिहितो. हिंदू कुटुंबापुरते बोलावयाचे, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान वाटली जाते. यांतील 'आई' पुष्कळांना ठाऊक नसते. म्हातारी आई दुसऱ्या मुलाकडे राहत असली, तरी तिचा वाटा आहेच. आणि तिच्यामागे तो तिच्या वारसांकडे, म्हणजे तिच्या इतर मुलांकडेही जातो. नवऱ्याच्या एका जागेत दीर, नणंदा भागीदार होतात ते या वाटेने.

स्त्रीच्या मिळकतीचा नियम तर नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईने वाचावा असा आहे. मुले व नवरा नसतील, तर तिची स्वतःच्या पगारातून घेतलेली जागाही आधी जाते ती नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे स्वतःचे आईबाप त्यांच्यामागे रांगेत उभे. आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत तेवढी, मूलबाळ नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत फिरते. निपुत्रिक विधवेने आपल्या कमाईची जागा म्हाताऱ्या आईला मिळावी असे नुसते मनात आणून भागत नाही. तसे लिहून ठेवावे लागते.

"पण आम्ही नॉमिनी लावला आहे ना!" हे त्यावरील ठरलेले उत्तर. नॉमिनी म्हणजे सामान्यतः पैसे हाती घेणारा. मालक होणारा नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या शेअर्सबाबतही हेच स्पष्ट केले, की नामनिर्देशनामुळे वारसांचा हक्क नाहीसा होत नाही. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीपासून आईवडील, पती-पत्नी वा मुले यांना नेमले असेल, तर ती रक्कम त्यांच्याच हिताची मानली जाते. बँकेच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. ती अवश्य द्यावीत, कारण त्यामुळे पैसे लवकर मोकळे होतात. पण नामनिर्देशन हे मृत्युपत्राचे काम करीत नाही.

मृत्युपत्राचे सोपेपण

आपल्या कायद्याने मृत्युपत्र करणे इतके सोपे ठेवले आहे, की त्याच्या सोपेपणाचाच लोकांना संशय येतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणाही माणसाला ते करता येते. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, भाषा कोणतीही चालते. खाली सही वा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार. साक्षीदारांपैकी प्रत्येकाने तुम्हांला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ती आपली असल्याचे तुम्ही त्याला स्वतः सांगितलेले असावे. आणि त्याने आपली सही तुमच्यासमोर करावी. एवढे झाले, की कागद पुरा झाला.

नोंदणी सक्तीची नाही. तरी ती करून ठेवलेली बरी, कारण मागाहून कोणी 'सही खोटी' म्हणू लागला, तर सब-रजिस्ट्रारच्या दप्तरातील नोंद पुराव्याला बळ देते. मात्र एक गैरसमज काढून टाकावा : नोंदलेले मृत्युपत्र नंतरच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्राहून श्रेष्ठ ठरत नाही. शेवटचे वैध मृत्युपत्र खरे. म्हणून मन बदलले, की दुसरे करता येते; अखेरपर्यंत घर तुमचे, ठेव तुमची, विकण्याचा हक्क तुमचा.

मुंबईकरांना 'प्रोबेट' या शब्दाची विशेष धास्ती. मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावर मिळकतीच्या हिंदू मृत्युपत्रांना वर्षानुवर्षे उच्च न्यायालयाचे प्रोबेट घ्यावेच लागे. पुण्या-नागपुरास तशी सक्ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या सक्तीचे कलम २१३ च रद्द केले. तेव्हा 'प्रोबेट टाळावयाचे म्हणून ट्रस्ट' हे मुंबईतील जुने कारण आता बरेचसे उरले नाही. अर्थात वारसांत वाद झाला, तर कोर्टाची पायरी चुकत नाही. वादात मृत्युपत्र शाबीत करावयाचे, तर निदान एक तरी साक्षीदार, तो हयात असेल तर, कोर्टात उभा करावा लागतो. म्हणून साक्षीदार आपल्याहून वयाने लहान आणि सापडण्याजोगा असावा. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगून ठेवले आहे, की मृत्युपत्राभोवती संशयाची परिस्थिती असेल, विशेषतः ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच ते करून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची. धाकट्याने वडिलांना रिक्षात घालून कचेरीत नेले, मसुदा आणला, साक्षीदारही आणले आणि घर त्यालाच मिळाले, हे चित्र थोरल्याच्या वकिलाला फार आवडते.

मृत्युपत्राची खरी उणीव वेगळीच आहे. ते मरणानंतर जागे होते. मरणाआधी ते झोपलेले असते. पक्षाघाताने वा विस्मरणाच्या आजाराने माणूस पाच वर्षे अंथरुणावर पडला, तर त्या पाच वर्षांत मृत्युपत्राचा काडीचा उपयोग नाही. कुलमुखत्यारपत्र दिले आहे म्हणावे, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची शुद्ध गेली, की मुखत्यारीही संपते. ज्या दिवशी खरी गरज, त्याच दिवशी कागद निकामी!

विश्वस्तनिधी म्हणजे काय?

खाजगी विश्वस्तनिधीचा आपला कायदा १८८२ सालचा आहे. कल्पना जुन्याच काळच्या विश्वासाची : एकाने मिळकत दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची, ती तिसऱ्याच्या हितासाठी. देणारा हा निर्माता, सांभाळणारा विश्वस्त आणि ज्याच्यासाठी हे सारे, तो लाभार्थी. यात स्थावर असेल, तर नोंदणीकृत दस्त हवा, किंवा मृत्युपत्राद्वारे तसे लिहिलेले हवे. विश्वस्ताने ती मिळकत, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःची सांभाळील तितक्या काळजीने सांभाळावयाची, चोख हिशेब ठेवावयाचा आणि तिच्यातून स्वतःचा फायदा काढावयाचा नाही, असे कायदा सांगतो. एखादा विश्वस्त वारला, तरी निधी मरत नाही; त्याच्या जागी दुसरा येतो. देवळे, शाळा यांचे सार्वजनिक ट्रस्ट वेगळे. ते धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले जातात. घरगुती विश्वस्तनिधीचा त्या कचेरीशी संबंध नाही.

हा दस्त झाल्याबरोबर चालू होतो, हे त्याचे बळ. तुम्ही अंथरुणाला खिळलात, तरी विश्वस्त औषधपाण्याचे पैसे देत राहतात. पैसे एकदम हाती न देता महिन्याच्या महिन्याला, शिक्षणाला, आजारपणाला देण्याची सोय होते.

पण प्रत्येक बळाला किंमत असते. विश्वस्तनिधीला दिलेली मिळकत तुमची राहत नाही. राहती जागा त्याच्या नावे करावयाची, तर मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीच्या सभासदत्वाचा प्रश्न. निधीला वेगळे पॅन, वेगळे बँकखाते, दरसाल हिशेब आणि विवरणपत्र. कोणाला किती द्यावयाचे ते विश्वस्तांच्या मर्जीवर सोपविले असेल, तर उत्पन्नावर बहुधा सर्वांत चढ्या दराने कर. रद्द करता येण्याजोगा निधी केला, तर त्याचे उत्पन्न कराच्या दृष्टीने तुमचेच राहते; रद्द न होणारा केला, तर मन बदलण्याची सोय नाही. सावकाराला चुकविण्यासाठी केलेला ट्रस्ट कोर्ट मोडू शकते. आणि कोणी म्हणेल की सात पिढ्यांची सोय करून ठेवतो, तर तेही नाही. मिळकत कायमची बांधून ठेवण्यास कायद्याचा विरोध आहे.

दोन दाखले

मराठी माणसाला या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण शोधावयास लांब जावे लागत नाही. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित यांनी १८९७ साली अखेरच्या आजारात मृत्युपत्र केले, आणि लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदी स्नेह्यांवर आपल्या इस्टेटीची जबाबदारी टाकली. मागे तरुण पत्नी, ताईमहाराज. पुढे झालेला मुलगा जगला नाही. दत्तक घेणे आले. १९०१ साली औरंगाबादेस दत्तविधान झाले, आणि मागाहून ताईमहाराजांनी ते नाकारले. मित्राचा शब्द पाळावयास गेलेल्या टिळकांवर फौजदारी खटला झाला. खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा १९०४ साली उच्च न्यायालयाने रद्द केली. दिवाणी वाद त्यानंतरही चालला, तो १९१५ साली विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान वैध ठरवीपर्यंत. एका मृत्युपत्राची अठरा वर्षे! यातून टिळकांची चिकाटी दिसते, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला त्यात आणखीही काही दिसते. आजारपणाच्या घाईत केलेल्या कागदाने इस्टेट कोणी सांभाळावी हे सांगितले; पण जिच्या संसाराचा हा प्रश्न, ती तरुण विधवा आणि हे विश्वस्त यांचे पटणार कसे, हे कोणताही कागद सांगू शकत नाही. ते आधी बसून बोलावे लागते.

दुसरा दाखला टाटांच्या घरातला. जमशेटजींचे दोन्ही मुलगे निपुत्रिक. धाकटे सर रतन १९१८ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. थोरले सर दोराबजी यांनी १९३२ साली, हयातीतच, आपला ट्रस्ट केला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. एका भावाने मृत्युपत्राची वाट धरली, दुसऱ्याने हयातीतील दस्ताची. दोन्ही संस्था आजही चालू आहेत. एवढ्यावरून ध्यानात यावे, की मृत्युपत्र आणि विश्वस्तनिधी ही एकमेकांची वैरी नव्हेत. एकाच्या पोटात दुसरे राहू शकते.

आमच्या घरचा प्रश्न

हे सारे मला पुस्तकी वाटत होते, ते माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी हा प्रश्न येईपर्यंत. ताई साठीची, भावोजी सहासष्टचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. डोंबिवलीस दोघांच्या नावावर जागा, काही मुदतीच्या ठेवी, कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनीत न वाटलेला हिस्सा. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. आणि सत्तावीस वर्षांचा मुलगा. हा माझा भाचा शरीराने धडधाकट आहे. बुद्धीने सहासात वर्षांच्या मुलाएवढा. पैशाची नोट त्याला रंगावरून कळते, किमतीवरून नाही.

भावोजींना कोणीतरी ट्रस्ट करण्याचा सल्ला दिला होता, आणि फीचा आकडा ऐकून ते गप्प झाले होते. ताईचे म्हणणे साधे होते : "सगळं मुलीच्या नावानं करून टाकू. ती काय भावाला टाकणार आहे?" मी त्यांच्याबरोबर एका जुन्या, सचोटीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी ताईचे सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, "बाई, मुलगी टाकणार नाही, हे मला मान्य आहे. पण उद्या देव न करो, तीच गेली तर? तिची मिळकत तिच्या नवऱ्याची आणि मुलांची. त्यांच्यावर तुमच्या मुलाला सांभाळण्याचं कायद्यानं कोणतंच बंधन नाही."

ताईचा चेहरा उतरला. भावोजी म्हणाले, "मग मुलाच्याच नावानं ठेवतो."

"त्याला बँकेत सही करता येईल का?" वकिलांनी विचारले. खोलीत कोणी बोलले नाही. मग तेच सावकाश म्हणाले, "मृत्युपत्र सांगतं, पैसा कोणाला. तुमच्या घरचा प्रश्न आहे तो पैसा कोणाच्या हातून आणि कशासाठी खर्च व्हावा हा. त्याचं उत्तर विश्वस्तनिधीत आहे. पण म्हणून आजच घर उचलून ट्रस्टला देऊ नका."

भावोजींना हायसे वाटलेले दिसले. आपल्याच घरात आपण पाहुणे होऊ, ही भीती त्यांना खात होती.

त्यांनी जी घडी बसवून दिली, ती अशी. पहिले काम पालकत्वाचे. मूल मतिमंद असले, तरी अठरा वर्षे पूर्ण झाली, की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईबापांचे पालकत्व आपोआप चालू राहत नाही, हे ताई-भावोजींना कोणी सांगितलेच नव्हते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती पालक नेमते. तेथे अर्ज केला. दुसरे काम निवृत्तिवेतनाचे. स्वतः कमवू न शकणाऱ्या अपंग अपत्याला नियमांप्रमाणे कुटुंबनिवृत्तिवेतन हयातभर मिळू शकते. त्याची कागदपत्रे आईबाप हयात असतानाच कचेरीत दाखल करावयाची. तिसरे, ठेवीतील बेताची रक्कम घालून मुलाच्या हितासाठी छोटा विश्वस्तनिधी आजच करावयाचा. विश्वस्त तीन : माझी भाची, मी, आणि भावोजींचा हिशेबनीस असलेला तरुण पुतण्या. कोणताही खर्च दोघांच्या सह्यांशिवाय नाही. चौथे, ताई आणि भावोजी यांनी दोन वेगळी मृत्युपत्रे करावयाची : एकमेकांमागे एकमेकांना, आणि दोघांच्याही मागे मुलीला ठरावीक वाटा, बाकी सर्व त्या विश्वस्तनिधीत. जमिनीतील भावोजींचा स्वतःचा हिस्साही त्यात लिहिला. तेवढा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, दुसऱ्याचा नाही.

म्हणजे आज घर त्यांचेच. मुद्रांक शुल्काचा बोजा नाही. निधी लहान, म्हणून हिशेबही लहान. पण विश्वस्तांना आतापासून सवय. आणि दोघांच्या पश्चात दुसऱ्याच दिवशी दुधाचे बिल कोण देणार, हा प्रश्न सुटलेला.

मसुद्यात निधीचा उद्देश 'लाभार्थ्याचे पालनपोषण व कल्याण' असा होता. मी वकिलांना म्हटले, की 'कल्याण' हा शब्द फार मोठा आहे. तो नंतरच्या माणसाला कसा कळावा? ते हसले आणि म्हणाले, "दस्तात एवढंच पुरे. पण आईनं एक वेगळं पत्र लिहून जोडावं. ते कायद्याला बांधून नसेल, माणसांना असेल."

ताईने ते चार रात्री बसून लिहिले, आणि शुद्धलेखनासाठी माझ्याकडे दिले. त्याला सकाळी चहाआधी रेडिओ लागतो. भात मऊ लागतो. केस कापावयास नेहमीचाच माणूस हवा, दुसऱ्याच्या हातात कात्री दिसली की तो रडतो. दिवाळीत फटाक्यांना तो घाबरतो. त्या चार दिवसांत खिडक्या लावून त्याच्यापाशी कोणीतरी बसावे. औषधाचे नाव, मात्रा, डॉक्टर. शेवटी लिहिले होते, 'त्याला एकट्याला कधी जेवायला बसवू नये.' मी त्यातील एकही शब्द बदलला नाही.

मग ठरवावयाचे कसे?

तुमची मुले सज्ञान आणि धड असतील, मिळकत जागा-ठेवी-दागिने एवढीच असेल, आणि घरात मोठे भांडण नसेल, तर मृत्युपत्र पुरे. शंभरातल्या बहुतेक घरांचे काम त्यावर भागते. घरात अपंग अपत्य असेल, लाभार्थी अगदी लहान असेल, कोणी उधळ्या वा व्यसनी असेल, पहिल्या व दुसऱ्या लग्नाची मुले असतील, किंवा धंद्यातील जोखीम घरापर्यंत येण्याचा संभव असेल, तर विश्वस्तनिधीचा विचार करावा, आणि तोही बहुधा मृत्युपत्राच्या जोडीने. मृत्युपत्रातच विश्वस्तनिधी लिहून ठेवता येतो. तो मरणानंतर चालू होतो आणि आज त्याचा खर्च नाही.

नोकरदार गृहस्थाला आणखी एक स्वस्त वाट आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी व मुलांसाठी आयुर्विमा घेतला, तर ती पॉलिसी म्हणजे एक विश्वस्तनिधीच. नवऱ्याच्या देणेकऱ्यांचा तिच्यावर हक्क पोहोचत नाही. मात्र पॉलिसी घेतानाच तसे लिहून द्यावे लागते.

हयातीतच बक्षीसपत्राने घर मुलाला देऊन टाकण्याची वाट पुष्कळांना सोपी वाटते. आईबापांनी ती धरताना दहा वेळा विचार करावा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची सोय आहे; पण म्हातारपणी आपल्याच घरासाठी अर्ज करावा लागणे, हे जिंकूनही हरण्यासारखे.

धर्म आणि प्रांत यांप्रमाणे नियम बदलतात, तेही लक्षात असावे. मुसलमान गृहस्थाला सामान्यतः एकतृतीयांशाहून अधिक मिळकत वारसांच्या संमतीवाचून मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात मुले वा आईवडील असतील, तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव, आणि मृत्युपत्रही तेथील विशेष पद्धतीने करावयाचे.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. मृत्युपत्रावर तारीख आणि प्रत्येक पानावर सही असावी. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे वाक्य असावे. ज्याला काही मिळावयाचे, त्याला साक्षीदार करू नये. वय झाले असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. अंमलबजावणी करणारा एक्झिक्यूटर नेमावा, आणि तो तयार आहे का, हे त्याला आधी विचारावे. 'याखेरीज जे काही निघेल ते अमक्याला' हे वाक्य विसरू नये. विसरलेली ठेव नेहमी त्या वाक्याच्या अभावी भांडण लावते. आणि कागद कुठे ठेवला आहे, ते निदान दोन माणसांना सांगून ठेवावे. कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवलेले आणि कोणालाच न सापडलेले मृत्युपत्र असून नसल्यासारखेच.

या दिवाळीत चौघे एकत्र जमाल. फराळाचे ताट आवरले, की एक वही काढा आणि तीत नुसती यादी करा : काय आहे, कोणाच्या नावावर आहे, नॉमिनी कोण, आणि आपल्यामागे कोणाची काळजी वाटते. शेवटचे नाव लिहून झाले, की मृत्युपत्र करावयाचे की विश्वस्तनिधी, हे ठरविणे अवघड जात नाही.